जळगावची गोळी, धुळ्याचं पाणी

धुळे शहराला पाणी पुरवणारी एक मोठी योजना तापीवर आहे, शिंदखेडा तालुक्यात सुलवाडे बॅरेजच्या पाण्यावर. त्याच तापीला बरंच वर, जळगाव जिल्ह्यात, गिरणा येऊन मिळते. जळगावात कुणी मुदत संपलेल्या गोळ्या संडासात टाकून बटण दाबलं, की गटारातून नाला, नाल्यातून गिरणा, गिरणेतून तापी अशी वाट आहे. खाली आपलीच माणसं. त्यांच्याही पुढे उकई आणि सुरत.

मध्ये सांडपाणी शुद्धीकरण केंद्र असेलही, पण ही केंद्रं बांधलेली असतात जिवाणूंकडून मैला खाऊन घ्यायला. औषधाचा रेणू त्या हिशेबात नसतो. पॅरासिटामॉल जिवाणू बऱ्यापैकी पचवतात. आकडीवरची कार्बामाझेपिन जवळपास जशीच्या तशी पार होते. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 104 देशांतल्या 258 नद्या तपासल्या होत्या. सर्वाधिक ठिकाणी सापडलेल्या औषधांत हीच कार्बामाझेपिन होती, आणि सोबत मधुमेहाची मेटफॉर्मिन. खरं सांगायचं तर नदीतलं बरंचसं औषध आपल्या लघवीतूनच जातं. मेटफॉर्मिन शरीर मोडतच नाही, तशीच बाहेर टाकतं. त्याला इलाज नाही. फेकण्याला आहे.

खेड्यात संडासाच्या जागी उकिरडा. बरं वाटलं म्हणून अर्ध्यावर सोडलेला अँटिबायोटिकचा कोर्स तिथे पडतो आणि शेणात भिजतो. मारायला अपुरा असा डोस मिळाला, की त्या औषधाला दाद न देणारे जिवाणू तगतात, वाढतात. तेच खत पुढे कपाशीत आणि केळीत जातं. पट्ट्या जाळणं तर त्याहून वाईट. त्यांचं प्लास्टिक बहुधा पीव्हीसी असतं, आणि शेकोटीच्या आचेवर त्याचा विषारी धूर होतो.

गंमत अशी की मेडिकलवाल्याचा एक्स्पायरी माल स्टॉकिस्टकडून कंपनीकडे परत जातो. दवाखान्यांना 2016 चे जैववैद्यकीय कचरा नियम लागू आहेत: पिवळी पिशवी, मग भट्टी, कर्करोगाची औषधं जाळायला 1200 अंशांहून जास्त तापमान. तीच गोळी आपल्या घरात आली की रस्ता हरवतो. खरं तर 2016 च्याच घनकचरा नियमांनी मुदतबाह्य औषधांना घरगुती घातक कचरा म्हटलं होतं आणि दर 20 चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र नेमून दिलं होतं. केरळने 2025 मध्ये कोझिकोडपासून घराघरांतली औषधं गोळा करायला सुरुवातही केली. आपल्याला जमणार नाही असं त्यात काही नाही.

एक अपवाद आहे. केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने 2025 मध्ये 17 औषधं सांगितली, जी नको झाल्यावर संडासातच सोडावीत: फेंटानिल, मॉर्फिन, ट्रामाडोल, डायझेपाम वगैरे. चुकून लेकराच्या हाती लागली तर जिवावर बेततील, म्हणून इथे नदीपेक्षा जीव मोठा धरला. बाकीच्या गोळ्या, केंद्र मिळेपर्यंत, न कुटता पट्टीतून काढा, चहाच्या चोथ्यात कालवा, पिशवी घट्ट बांधा आणि घंटागाडीत वेगळी द्या. इन्सुलिनच्या सुया जाड डब्यात.

आणि वॉर्डाचा नगरसेवक भेटला, की पथदिव्यांच्या आधी एवढं विचारा: आमच्या भागातलं संकलन केंद्र कुठे आहे?