हेल्मेटवरचा दिवा निवडताना

खोक्यावरच्या लुमेनच्या आकड्यावर भाळण्याआधी वेग, वाट आणि बॅटरी यांचा हिशेब मांडणे आवश्यक

दिवसभर कार्यालयात अडकलेल्या शहरी सायकलपटूच्या वाट्याला मोकळी अशी येते ती संध्याकाळच. डिसेंबर-जानेवारीत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि टेकडीच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत अंधार दाटतो. एप्रिल-मे महिन्यांत दिवसाचे ऊन टाळण्यासाठी अनेक जण मुद्दाम रात्रीची फेरी पसंत करतात. पुणे, मुंबई, नाशिक परिसरात माउंटन बाइक बाळगणाऱ्यांची हौस त्यामुळे हळूहळू अंधाराकडे वळते आणि पहिला प्रश्न उभा राहतो तो दिव्याचा.

शहरातल्या रस्त्यावर सायकलचा दिवा मुख्यतः इतरांना आपण दिसावे यासाठी असतो. रस्ता दाखवण्याचे काम बव्हंशी पथदिवे करतात. डोंगरातल्या पायवाटेवर ही सोय नसते. वाटेतला सुटा दगड, पावसाने कोरलेली चर, आडवे आलेले मूळ यांतले दिव्याच्या उजेडात येईल तेवढेच दिसते. दिव्याची निवड चुकली, तर त्याची किंमत गुडघ्याला किंवा गळपट्टीच्या हाडाला मोजावी लागते. बाजारात मात्र हा दिवा विकला जातो तो एकाच आकड्यावर, लुमेनवर. प्रत्यक्षात निवडीच्या वेळी हा आकडा सर्वांत शेवटी पाहावा, असा आहे.

डोक्यावर कशासाठी?

हँडलवरचा दिवा चाक ज्या दिशेला असेल, तिकडेच उजेड टाकतो. सरळ वाटेवर त्याने काम भागते. नागमोडी वळणावर मात्र सायकलस्वाराची नजर चाकाच्या आधी वळते. वळणापलीकडे काय आहे, हे त्याला वळण्यापूर्वीच हवे असते आणि नेमक्या त्याच क्षणी हँडलवरचा दिवा कडेच्या झाडोऱ्यावर पडलेला असतो. हेल्मेटवरचा दिवा नजरेबरोबर फिरतो. उंच पायरीवरून उतरताना हँडलचा झोत आकाशाकडे किंवा थेट चाकासमोर जातो, तेव्हाही डोक्यावरचा झोत वाट सोडत नाही. थांबून साखळी बसवायची किंवा पंक्चर काढायचे, तरी तोच उपयोगी पडतो.

या दिव्याची एक मर्यादा मात्र नवख्यांच्या लक्षात येत नाही. दिवा डोळ्यांच्या अगदी जवळ असल्याने दगडाची किंवा खळग्याची सावली त्या वस्तूच्या मागे दडते. सावली दिसत नाही, म्हणून खोलीचा अंदाज येत नाही आणि वीतभर खोल चर सपाट मातीसारखी भासते. हँडलवरचा दिवा डोळ्यांपेक्षा बराच खाली असल्याने त्याच्या उजेडात सावल्या स्पष्ट उठतात. अनुभवी सायकलपटू म्हणूनच दोन्ही दिवे वापरतात. हँडलवर रुंद पसरणारा आणि हेल्मेटवर तुलनेने अरुंद, दूर जाणारा, अशी ही जोडी असते. एक दिवा बंद पडला तरी दुसऱ्याच्या आधाराने घरी परतता येते, हा तिचा आणखी एक लाभ.

किती दूरचे दिसायला हवे?

उत्तर वेगावर अवलंबून आहे आणि ते साध्या गणिताने काढता येते. ताशी २० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला सुमारे साडेपाच मीटर. अडथळा दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला, असे धरले तर तेवढ्यात सायकल आठ मीटर पुढे जाते. सुट्या मुरमावर ब्रेक जपूनच लावावा लागतो. त्यासाठी आणखी पाच मीटर धरावेत. म्हणजे एकूण १३ ते १४ मीटर. हाच वेग ताशी ३० किलोमीटर झाला, की हे अंतर सुमारे २४ मीटरवर जाते. वेग दीडपट झाला, तर थांबण्याचे अंतर पावणेदोन पटींच्या आसपास वाढले.

याचा अर्थ, उतारावर वेग घेणाऱ्याला किमान २५ ते ३० मीटरपर्यंतची जमीन तपशिलाने दिसली पाहिजे. चढावर ताशी सात-आठ किलोमीटरने रांगणाऱ्याला त्याची गरज नाही. चढावर दिवा मंद ठेवावा आणि उतारावर पूर्ण तेजाने लावावा. बॅटरी वाचवण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग होय.

लुमेन आणि कँडेला

लुमेन म्हणजे दिव्यातून सर्व दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. हा प्रकाश एका दिशेला किती एकवटला आहे, हे कँडेला सांगते. एकाच लुमेनचे दोन दिवे घेतले आणि एकाचा झोत रुंद, दुसऱ्याचा अरुंद असला, तर दूरवर पोहोचण्याची त्यांची क्षमता कित्येक पटींनी वेगळी असते. शिवाय अंतर दुप्पट झाले, की जमिनीवर पडणारा उजेड एक चतुर्थांश होतो. १० हजार कँडेलाच्या झोताचा ३० मीटरवर सुमारे ११ लक्स उजेड पडतो. बऱ्यापैकी उजळलेल्या शहरी रस्त्यावर साधारण एवढाच उजेड असतो.

काही उत्पादक झोताची पोहोच मीटरमध्ये छापतात. २००९ साली अमेरिकेत तयार झालेल्या एफएल-१ या मानकानुसार, उजेड पाव लक्सपर्यंत घटतो ते अंतर म्हणजे पोहोच. पाव लक्स म्हणजे निरभ्र रात्रीच्या पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड. तेवढ्यात चालता येईल, पण उतारावर सायकल हाकता येणार नाही. खोक्यावर २०० मीटर लिहिले, म्हणून २०० मीटरवरचा दगड दिसेल, असे समजू नये.

हेल्मेटवरच्या दिव्यासाठी खरे ६०० ते १००० लुमेन बहुतेक वाटांना पुरतात. येथे ‘खरे’ हा शब्द महत्त्वाचा आहे.

बॅटरी खोटे बोलू देत नाही

पूर्वी डोंगरी सायकलपटू हॅलोजनचे दिवे आणि पाठीवर जड बॅटऱ्या वाहत असत. अमेरिकेत १९९२ साली वेस्ट व्हर्जिनियात सलग २४ तासांची माउंटन बाइक शर्यत सुरू झाली, तेव्हाचा जमाना तोच होता. आज एलईडीमुळे चित्र पालटले आहे. पांढऱ्या एलईडीची वाट ज्या निळ्या एलईडीने मोकळी केली, तिच्या शोधासाठी इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. प्रगती खरी आहे, पण तिच्या आडून खोट्या आकड्यांचे पीकही माजले आहे.

ते ओळखण्यासाठी दोनच गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सर्व गळती धरून चांगल्या दिव्यात एका वॉटला साधारण १०० लुमेन मिळतात. आणि ‘१८६५०’ म्हणून ओळखला जाणारा, १८ मिलिमीटर व्यासाचा व ६५ मिलिमीटर लांबीचा लिथियम सेल कितीही उत्तम असला, तरी त्याची क्षमता ३५०० ते ३६०० मिलीअँपिअर-तासांच्या आसपासच थांबते. म्हणजे सुमारे साडेबारा वॉट-तास. एक हजार लुमेनच्या दिव्याला दहा वॉट लागतात, तेव्हा असा एक सेल जेमतेम सव्वा तास टिकतो. चार सेलचा संच असेल, तर पाच तास.

या कसोटीवर जाहिराती घासून पाहाव्यात. १८६५० सेलवर ‘९९०० मिलीअँपिअर-तास’ असे छापलेले असेल, तर ते असत्य होय. एका सेलवर पाच हजार लुमेन सहा तास, असा दावा असेल, तर त्याला ३०० वॉट-तास, म्हणजे चोवीस सेल लागतील. ते हेल्मेटवर मावणार नाहीत. किंचित मोठ्या ‘२१७००’ सेलमध्ये सुमारे १८ वॉट-तास मावतात, एवढाच काय तो फरक.

‘चार तास चालतो’ या वाक्यातही मेख असते. वर उल्लेखलेल्या मानकानुसार, दिवा लावून ३० सेकंद झाल्यावरच्या उजेडाच्या १० टक्के उरेपर्यंतचा काळ मोजला जातो. ८०० लुमेनचा दिवा चौथ्या तासाला ८० लुमेन देत असला, तरी तो कागदोपत्री ‘चालू’च असतो. उजेड शेवटपर्यंत स्थिर राखणारे नियंत्रण दिव्यात आहे का आणि बॅटरी संपत आल्याची सूचना मिळते का, हे विचारून घ्यावे. अंधारात उतारावर दिवा अचानक विझणे हा सर्वांत वाईट प्रसंग. चांगला दिवा आधी मंद होतो आणि परतीपुरता उजेड राखून ठेवतो.

वजन आणि बैठक

सायकलचे हेल्मेटच साधारण २५० ते ४०० ग्रॅमचे असते. त्यावर दीडशे ग्रॅमपेक्षा अधिक भार पडला, की तासाभरात मान आखडू लागते. हादऱ्यांनी हेल्मेट पुढे घसरते आणि झोत जमिनीवर येतो. मोठी बॅटरी हवी असेल, तर ती पाठपिशवीत ठेवून लांब वायरने जोडलेली बरी. वायरचा जोड ओढताच सुटणारा असावा. पडताना वायर मानेभोवती ताणली जाता कामा नये.

बसवण्यासाठी हेल्मेटला भोक पाडू नये किंवा स्क्रू ठोकू नये. त्याने कवच दुबळे होते. वाटेल तो गोंदही वापरू नये. त्यातील द्रावकाने आतला फोम विरघळू शकतो. वेल्क्रोच्या पट्ट्याने बांधलेली, धक्का बसताच निखळणारी बैठक उत्तम. दिवा हेल्मेटलगत, ठेंगणा असावा. सह्याद्रीतल्या वाटांवर करवंदीच्या जाळ्या आणि खाली झुकलेल्या फांद्या उंच दिव्याला हमखास अडतात.

धुके, धूळ आणि पाऊस

पावसाळ्यात घाटमाथ्यावर धुके उतरले, की डोक्यावरचा दिवा मदत करण्याऐवजी अडचण होतो. डोळ्यांजवळून निघालेला प्रकाश धुक्याच्या थेंबांवरून परत डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. उन्हाळ्यात पुढच्या सायकलीने उडवलेल्या धुळीतही हेच घडते. अशा वेळी हेल्मेटचा दिवा मंद करावा किंवा विझवावा आणि हँडलवरच्या दिव्यावर विसंबावे. हातमोजे घालूनही दाबता येईल, असे मोठे बटण का हवे, हे तेव्हा उमगते.

पाण्यापासून संरक्षणासाठी आयपी क्रमांक पाहावा. आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोड्यांपासून बचाव, आयपीएक्स ६ म्हणजे जोरदार फवाऱ्यापासून, तर आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. सह्याद्रीच्या पावसात आयपीएक्स ४ अपुरा ठरतो. प्रकाशाचा रंगही महत्त्वाचा. साडेसहा हजार केल्विनच्या निळसर उजेडात लाल माती, मुळे आणि खडक एकजीव भासतात. चार ते पाच हजार केल्विनच्या पिवळसर उजेडात त्यांतला फरक अधिक कळतो. डोक्यावरच्या दिव्याकडे किडे झेपावतात, म्हणून पारदर्शक काचांचा चष्मा सोबत असावा.

दुसऱ्याच्या डोळ्यांचा विचार

हेल्मेटवरचा दिवा आपण ज्याच्याकडे पाहू, त्याच्या डोळ्यांत शिरतो. समोरून येणारा सायकलस्वार, वाटेने निघालेला गावकरी किंवा डांबरी रस्त्यावरचा वाहनचालक क्षणभर आंधळा होतो. डांबरी रस्त्यावर हा दिवा बंद ठेवावा आणि वाटेत कोणी भेटल्यास मान बाजूला वळवावी. अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्याने यांत प्रवेशावर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार निर्बंध आहेत. कितीही प्रखर दिवा ही तेथे रात्री शिरण्याची परवानगी ठरत नाही. अन्यत्रही बिबट्याचा वावर असलेल्या डोंगरात एकट्याने जाणे टाळलेलेच बरे.

खरेदीपूर्वी

- सर्वाधिक वेग किती आणि फेरी किती तासांची, हे आधी ठरवावे.
- वॉट-तास भागिले वॉट, हा हिशेब करून टिकण्याचा काळ स्वतः काढावा.
- दिव्याचे वजन पाहावे आणि स्वतःच्या हेल्मेटवर बसवून मान हलवून बघावी.
- बटण, वायरचा जोड आणि आयपी क्रमांक तपासावा.
- सुटा सेल व चार्जर पुढेही मिळतील का, याची चौकशी करावी.
- लुमेनचा आकडा शेवटी वाचावा.

नवा दिवा घेऊन पहिली फेरी दिवसा पायाखालून गेलेल्या वाटेवर, निम्म्या वेगाने काढावी. दिवसा माहीत असलेला प्रत्येक दगड रात्री वेळेवर दिसतो का, हे त्यातून कळेल. एखादा जरी चाकाखाली आल्यावर जाणवला, तरी वेग आणखी कमी करावा किंवा दिव्याचा कोन बदलून पुन्हा पाहावे.