विजेच्या मोटारीचा माठ

वैशाखांतल्या दुपारीं सोलापुरांत पारा 42-43 अंशांवर गेला तर कोणी नवल करीत नाहीं. माणूस मुकाट्यानें माठाकडे वळतो. विजेच्या मोटारीलाहि अशा वेळीं एका माठाची गरज भासते. त्यांतहि जिच्यांत बॅटरीच्या जोडीला लहानसें पेट्रोल-एंजिन असतें, तिचा संसार अधिक गुंतागुंतीचा. हें एंजिन चाकें फिरवीत नाहीं. बॅटरी रिती होऊं लागली म्हणजे जनित्र चालवून वीज पुरवितें आणि गाडीचा पल्ला वाढवितें.

टाटा मोटर्सनें 2012 सालीं जिनीव्हाच्या प्रदर्शनांत ‘मेगापिक्सेल’ नांवाची अशी एक मोटार मांडली होती. केवळ बॅटरीवर 87 किलोमीटर आणि एंजिनाच्या साहाय्यानें 900 किलोमीटर, असा कंपनीचा हिशेब होता. ती विक्रीस आली नाहीं; पण आंकडे बोलके आहेत. सोलापुराहून पुण्याला निघालें तर 87 किलोमीटर म्हणजे जेमतेम तिसरा हिस्सा. पुढें एंजिनाला जागें व्हावेंच लागणार.

अडचण अशी कीं, एकाच गाडींत तीन निराळ्या प्रकृतींची बिऱ्हाडें असतात. एंजिनाला सुमारें 90 अंशांची ऊब मानवते. चाकें फिरविणारें विद्युत्-यंत्र व त्याचे नियंत्रक साधारण 60-65 अंशांच्या पाण्यानें निवतात. बॅटरी मात्र नाजूक. 35-40 अंशांच्या पलीकडे ती वारंवार गेली तर तिचें आयुष्य झपाट्यानें घटतें. म्हणून बहुधा प्रत्येकासाठीं पाण्याची वाट वेगळी ठेवतात.

एंजिनाचें काम सोपें. 90 अंशांच्या पाण्यापुढें 43 अंशांची झळहि गारच. रेडिएटरच्या नळ्यांतून जातांना तें पाणी आपली उष्णता हवेला देऊन मोकळें होतें. पण तीच हवा 35 अंशांच्या बॅटरीला थंड कशी करणार? पंखा जितका जोरानें फिरवावा तितकी उष्णता उलट आंत शिरेल!

येथें माठाची युक्ति कामास येते. माठाच्या अंगावर पाझरलेलें पाणी वाफ होऊन उडतांना आंतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातें; म्हणून तें भोंवतालच्या हवेहूनहि गार होतें. मोटारींत शीतकपाटांतल्यासारखा सहज वाफ होणारा द्रव बॅटरीच्या पाण्याजवळ खेळवितात. माठाची वाफ वाऱ्यावर जाते. इथली वाफ मात्र कॉम्प्रेसर पकडतो, आणि बाहेरच्या हवेहून अधिक तापेपर्यंत दाबतो. मग गाडीच्या पुढच्या जाळींत ती आपली उष्णता टाकून पुन्हां द्रव होते. बीएमडब्ल्यूच्या ‘आय-थ्री’ गाडींत तर मधलें पाणी वगळून हा द्रव थेट बॅटरीच्या तळाशीं नेला होता.

कुंभाराचा माठ फुकट गार करतो, हा नाहीं. कॉम्प्रेसर त्याच बॅटरीची वीज खातो, प्रवाशांना गार वाराहि बहुधा तोच पुरवितो, आणि तेवढे किलोमीटर प्रवासांतून वजा होतात. म्हणजे ज्या दुपारीं बॅटरीला जपावयाचें, त्याच दुपारीं ती लवकर संपते व एंजिनाची पाळी आधीं येते. चार्ज होतांनाहि बॅटरी तापतेच. त्यामुळें सोलापुरांतल्या उन्हाळ्यांत हें काम पहाटे, आणि गाडी कडुलिंबाच्या सावलींत असतांना केलेलें बरें.