शिव मोठा की शक्ती? गौतमपुऱ्यातला तुरा, कोकणातली बारी

आपल्याकडे पाडव्याला नवऱ्याला ओवाळून झालेलं असतं, तेव्हा इंदूर जिल्ह्यातल्या गौतमपुऱ्यात माणसं एकमेकांवर आगीचे गोळे फेकत असतात. हे हिंगोट युद्ध. हिंगणाचं फळ सोलायचं, आतला गर कोरून काढायचा, कवच वाळवून त्यात दारू ठासायची, तोंड मातीनं लिंपायचं आणि नेम धरता यावा म्हणून बांबूची काडी बांधायची. दिवाळीआधी घरोघरी हेच काम चालतं. पाडव्याला लढवय्ये देवनारायणाच्या मंदिरात दर्शन घेतात आणि अंधार पडताच मैदानात उतरतात. एका हातात ढाल, दुसऱ्यात पेटतं लाकूड, खांद्याला हिंगोटांनी भरलेला झोला. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. भाजतात मात्र पुष्कळ. 2017 साली एका तरुणाचा जीवही गेला.

गाव होळकरांचं. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई खानदेशातल्या तळोद्याच्या बारगळांची लेक. 1734 मध्ये पेशव्यांनी होळकरांना खासगी जहागीर दिली ती गौतमाबाईंच्या नावे, आणि या गावाला नाव त्यांचंच. मराठी वाचकाचे कान टवकारावेत ते मात्र मैदानातल्या दोन दळांच्या नावांनी. गौतमपुऱ्याचं दळ ‘तुर्रा’, शेजारच्या रुणजीचं ‘कलंगी’. म्हणजे आपले तुरा आणि कलगी. मोगली घोडदळाला अडवण्यासाठी हिंगोट निघाले, असं गावकरी सांगतात. असतीलही. पण ही नावं लढाईतली नाहीत. ती शाहिरांच्या सवाल-जवाबाच्या फडातली आहेत, आणि फडातलं भांडण देवाचं होतं.

माळवा-राजस्थानात त्याची कथा सांगतात. चंदेरीच्या राजापुढे तुकनगीर गोसावी आणि शाह अली फकीर यांचा सामना रंगला. राजानं खूश होऊन गोसाव्याला तुरा दिला, फकिराला कलगी. गोसावी शिवाच्या बाजूचा, फकीर शक्तीच्या. मुसलमान फकीर भर दरबारात आदिमायेची वकिली करतो आणि कथा सांगणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही, ही मला त्या कथेतली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते.

महाराष्ट्रात कलगीवाले नागेशाची परंपरा सांगतात, तुरेवाले हरदासाची. वाद तोच. कलगीवाला विचारतो, माया नसती तर तुझ्या ब्रह्माला कोणी ओळखलं असतं? तुरेवाला उलट विचारतो, आधारच नसेल तर तुझी माया उभी कशावर राहील? या सवाल-जवाबांमागे मोठा ऐवज आहे. सांख्यांचा पुरुष नुसता साक्षी, कर्ती सगळी प्रकृती. आणि जुन्या सांख्यात जग घडवणारा ईश्वर नाहीच. शंकराचार्यांच्या अद्वैतात ब्रह्म तेवढं सत्य, माया अनिर्वचनीय. शाक्तांची देवी मात्र स्वतःच परब्रह्म. शाहिरानं पंडितांची परवानगी न घेता पुरुषाला शिव केलं, प्रकृतीला पार्वती, आणि दोघांना नवरा-बायकोसारखं भांडायला लावलं. जगाबाहेर बसून जग घडवणारा एकच देव मानणाऱ्या धर्मांत असा सामना लावायचा म्हटला, तर दुसरी बाजू कोण घेणार?

ज्ञानेश्वरांनी हा तंटा फार आधी निकालात काढला होता. ‘अमृतानुभवा’चं पहिलंच प्रकरण शिवशक्तीच्या ऐक्याचं. त्या दोघांत थोरलं-धाकटं ठरवण्याइतकं अंतरच त्यांनी ठेवलं नाही. तत्त्व म्हणून हे अजोड. पण निकाल लागला की फड उठतो, आणि शाहिराला फड उठू द्यायचा नव्हता.

कोकणात तो अजून उठलेला नाही. रत्नागिरीकडच्या जाखडी नाचात शक्तीवाले, म्हणजे कलगीवाले, आणि तुरेवाले आमनेसामने येतात; या सामन्याला बारी म्हणतात. मधे ढोलकी-झांजवाले, भोवती पायात घुंगरू बांधून फेर धरणारे. मुंबईत नाट्यगृहांत तिकीट लावून हे सामने होतात, आणि चाकरमानी समोरच्या शाहिराची चूक पकडायला कान लावून बसतात. दोन्ही बाजूंची सुरुवात गणानं होते. हे सोयीचंच आहे म्हणा. गणपती दोघांचाही मुलगा.

तरीही लावणीचं नाव काढलं की आपल्याला शृंगारच आठवतो. रामजोशी-होनाजी या शाहिरांवर भरभरून लिहिणारे भेदिक लावणीला, म्हणजे याच सवाल-जवाबांच्या लावणीला, चार ओळींत गुंडाळतात: कूटप्रश्न, शब्दांची कसरत, पुढे चला. हा अन्याय आहे. शेतावर आणि गिरणीत राबणाऱ्या माणसांनी डफ हातात घेऊन, रात्र-रात्र जागून, निर्गुण आधी की माया आधी यावर डोकं खपवलं. त्यांच्या चोपड्या अजून कोणाकोणाच्या माळ्यावर आहेत. विद्यापीठांनी त्या लोककला विभागाबरोबरच तत्त्वज्ञान विभागातही मागवाव्यात, एवढी माझी मागणी आहे.