ढग खाली आले की स्पर्धा कुणी थांबवायची?

कळंबच्या चौकात चहा घेत होतो. एका बागायतदारानं विचारलं, "साहेब, ही बारामतीची शिकाऊ विमानं एरवी सारखी डोक्यावरनं घरघरत जातात. आषाढात मात्र दोन-दोन दिवस एक दिसत नाही. पाऊस तर आपल्याकडं पडत नाही, मग ही बसतात कशापायी?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपला भाग अवर्षणाचा. आषाढात पश्चिमेकडून ढग येतात, पाणी सह्याद्रीवर उतरवून ठेवतात आणि आपल्या वाट्याला नुसती सावली अन् वारा. आपण त्यांना वांझोटे ढग म्हणतो. पण लहान विमानाच्या वैमानिकाला पावसाइतकाच हा पळता ढग अडचणीचा. तो डोळ्यांनी बघून उडतो. ढगाचा तळ म्हणजे त्याच्या डोक्यावरचं छत, आणि ते छत खाली आलं की उडायला जागाच उरत नाही.

ही अडचण सगळ्यात जास्त कुठं जाणवते, तर विमानांच्या कसरतींच्या स्पर्धेत. अमेरिकेत, इंग्लंडात हौशी मंडळी सुटीच्या दिवशी अशा स्पर्धा भरवतात. कुणी डॉक्टर, कुणी मिस्त्री, कुणी शेतकरी. पदरचं पेट्रोल जाळून येतात. जागतिक अजिंक्यपदाची पहिली स्पर्धा १९६० साली त्या वेळच्या चेकोस्लोव्हाकियात ब्रातिस्लाव्हाला झाली. आपल्याकडे अशा हौशी स्पर्धांची रीत पडली नाही. पण वाचताना मला त्यात आपल्या कामाचं बरंच सापडलं, म्हणून हा लेख.

स्पर्धेचं आकाश मोजून दिलेलं असतं. लांबी १००० मीटर, रुंदी १००० मीटर. आपल्या हिशेबानं खाली जवळजवळ अडीचशे एकर रान. त्याच्या हद्दीत राहून विमानानं उभी गिरकी घ्यायची, कुशीवर लोळायचं, भोवऱ्यासारखं फिरत खाली यायचं. पंच जमिनीवर खुर्च्या टाकून बसतात. प्रत्येक कसरतीला दहा गुण, आणि पाच अंशांची चूक झाली की अर्धा गुण कापला. एक पंच बघतो, एक मदतनीस पुढची कसरत वाचून सांगतो, तिसरा लिहून घेतो. पंचाची नजर कागदाकडं वळू द्यायची नाही म्हणून ही व्यवस्था.

आता उंचीचा हिशेब बघा, खरी मेख तिथं आहे. अमेरिकेतल्या नियमांप्रमाणे सुरुवातीच्या गटांना जमिनीपासून १५०० फुटांच्या खाली यायला बंदी. मधल्या गटाला १२००, त्यावरच्याला ६५६, आणि अगदी निष्णात गटाला ३२८ फूट. नवशिक्याला वर ठेवायचं कारण उघड आहे: चुकला तर सावरायला खाली हवा शिल्लक पाहिजे. समजा ढगाचा तळ २००० फुटांवर आला. निष्णाताला साडेसोळाशे फूट मिळाले, नवशिक्याला फक्त पाचशे. एका साध्या गिरकीलाच काहीशे फूट जातात, आणि ढगात तर शिरायचं नाही. म्हणजे ढग खाली आले की आधी अडतो तो नवशिक्या. पण निष्णाताचंही सगळं आलबेल नसतं. त्याच्या कसरती उंच चढणाऱ्या, त्यालाही छत लागतंच.

अशा वेळी संयोजकानं करायचं काय? एक वाट अशी की मध्ये थांबायची सवलत द्यायची. एरवी कसरतींची माळ तोडली तर गुण जातात. ढग खाली असले तर वैमानिकानं मध्येच थांबून पुन्हा उंची घ्यावी आणि पुढची कसरत करावी, त्याचा दंड नाही. मात्र ही सवलत गटातलं पहिलं विमान उडायच्या आधी जाहीर करायची आणि सगळ्यांना सारखी. चौथा वैमानिक वर असताना नियम बदलला तर आधीच्या तिघांवर अन्याय झाला. वाऱ्याचंही तसंच. सकाळी निवांत हवेत उडालेला आणि दुपारी वाऱ्यानं हद्दीबाहेर ढकलला गेलेला, यांची तुलना कशी करायची? यावर वाद होतात, आणि ते व्हायचेच.

आंतरराष्ट्रीय नियमात पाच किलोमीटरपर्यंत स्वच्छ दिसलं पाहिजे ही अट आहे, वाऱ्यालाही मर्यादा घातलेली आहे. हवेचा अंदाज खालून घेत नाहीत. एखाद्या अनुभवी वैमानिकाला आधी वर पाठवतात, तो ढगाची उंची बघून येतो. स्पर्धकांची बैठक सकाळीच होते आणि तिला दांडी मारता येत नाही.

दमट हवेत आणखी एक भानगड असते, ती तुमच्यापैकी जुन्या फटफटीवाल्यांना पटेल. ह्या छोट्या विमानांपैकी कित्येकांना कार्बोरेटर असतो. पेट्रोलची वाफ होताना आतली हवा इतकी थंड होते की बाहेर वीस अंश तापमान असलं तरी आत बर्फ धरू शकतं आणि इंजिन गुदमरतं. म्हणून गरम हवा आत सोडायची सोय ठेवलेली असते. धावपट्टी गवताची असली आणि भिजली, तर उठायला अंतर जास्त लागतं आणि उतरल्यावर ब्रेक धरत नाही.

मुंबईत हौशी वैमानिकांचा फ्लाइंग क्लब १९२८ पासूनचा. १९३२ साली जे. आर. डी. टाटांनी टपाल विमानसेवा सुरू केली तेव्हा जुहूचं मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जायचं. मग पावसाळ्यात विमानं पुण्याहून सुटायची. मैदान भिजणार हे आधीच धरून जागा ठरवली होती. आणि आपल्या शेजारचं वालचंदनगर ज्यांच्या नावाचं, त्या वालचंद हिराचंदांनीच १९४० साली बंगळुरात विमानाचा कारखाना काढला, हे आपल्या पोरांना किती ठाऊक असेल कुणास ठाऊक.

विमान हा लांबचा विषय आहे असं कुणी म्हणू नये. २५ जुलै २०२२ ला कडबनवाडीच्या शिवारात शिकाऊ विमान पडलं. शिकाऊ वैमानिक मुलगी थोडक्या जखमांवर बचावली. कारणांत मी शिरत नाही, तो माझा प्रांत नव्हे. पण आकाशातलं काहीही शेवटी कुणाच्या तरी रानात येतं, म्हणून कसरतींच्या चौकोनाखाली वस्ती आणि गर्दी नको असते.

आता माझं सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गावात उसातल्या तणनाशकाचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं. टू-फोर-डी मारायचं होतं. सकाळी नऊची वेळ, पाहुणे आले साडेअकराला. तोवर वारा सुटला होता. मला दिसत होतं, उसाची पानं एका अंगाला वळली होती. पण मांडव घातलेला, सरपंच बसलेले, चाळीस शेतकरी उभे, पंप भरलेला. "साहेब, पाच मिनिटांचं काम आहे, उरका," असं कुणीतरी म्हणालं आणि मी मान हलवली. आठ दिवसांनी शेजारच्या द्राक्षबागेची पानं पंख्यासारखी आक्रसली. बागवाला भांडला नाही. मला बागेत नेलं, एक पान तोडून हातावर ठेवलं आणि गप्प उभा राहिला. ते भांडला असता तर बरं झालं असतं.

नंतर कसरतींच्या स्पर्धेचे नियम वाचले तेव्हा माझी चूक नेमकी कळली. वारा किती झाला की थांबायचं, हे मी आदल्या दिवशी लिहून ठेवलं नव्हतं. आणि थांबा म्हणायचं कुणी, हेही ठरलं नव्हतं. पाहुण्यांना वाटलं साहेब बघतील, मला वाटलं पाहुणे म्हणतील. हौद भिजला तर कुस्ती पंच थांबवतात, पैलवान नव्हे. कारण पैलवान घरून लढायच्या तयारीनंच आलेला असतो. उड्डाणाच्या स्पर्धेतही थांबवायचा अधिकार असलेला माणूस स्वतः त्या फेरीत उडत नाही.

आता ड्रोननं फवारणी आली आहे. 'नमो ड्रोन दीदी' योजनेत बचत गटांना ड्रोन मिळू लागले, गावोगाव प्रात्यक्षिकं होतात. ड्रोन पिकाच्या वर राहून बारीक थेंब सोडतो, त्यामुळे वाऱ्यानं औषध वाहून जायची धास्ती जास्त. प्रात्यक्षिक ठरवताना सरपंच, पोलीस पाटील आणि गटाच्या ताईंनी एवढं करावं: वाऱ्याच्या बाजूला कुणाची द्राक्षं, कुणाचं डाळिंब, कुणाच्या मधपेट्या आहेत ते आदल्या दिवशी बघून यावं, त्याला सांगावं, आणि ज्याचं त्या दिवशी काही अडलेलं नाही अशा एकाच्या हाती वारा मोजायचं यंत्र द्यावं. मी माझ्यापुरती ताशी पंधरा किलोमीटरची मर्यादा ठरवली आहे. त्याच्या वर काटा गेला की पंप बंद, पाहुणा कुणीही असो.

गेल्या खेपेला निमंत्रणपत्रिकेवर मी एक ओळ छापून घेतली: वारा जोराचा असल्यास फवारणी होणार नाही, चहा मात्र होईल. त्या दिवशी वारा होता. चहा झाला.