गवत कापा, पण कान सांभाळून

सोसायटीच्या बागेत फिरणाऱ्या पेट्रोलच्या ग्रासकटरचा आवाज माळ्याच्या कानाशी १०० डेसिबलच्या आसपास जातो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल घटतात. म्हणजे एका मीटरवरचे १०० सोळा मीटरवरच्या खिडकीशी ७६ उरतात, आणि निवासी भागाची दिवसाची कायदेशीर मर्यादा आहे ५५. खिडकी लावून घेणं हा उपाय अर्धवटच. टू-स्ट्रोक इंजिनाची खालच्या पट्टीतली घरघर काचेतूनही येते, आणि माळ्याला त्या काचेचा काय उपयोग? हात घालायचा तो इंजिनालाच. वॉशिंग्टन शहराने २०२२ पासून पेट्रोलवरचे पालापाचोळा उडवणारे ब्लोअर बंदच केले.

पेट्रोलऐवजी बॅटरीचं यंत्र घ्यावं, तर ते महाग आणि लवकर दमतं, हा आक्षेप मोठ्या मैदानापुरता खरा. सोसायटीच्या हिरवळीला बहुधा एक जादा बॅटरी पुरते. नायलॉन दोरीची शिट्टी मात्र त्यातही उरते, वेग कमी ठेवला की ती उतरते. बॅटरीचं यंत्र येईपर्यंत फुटका सायलेन्सर बदलून घ्या, सकाळी नऊच्या आधी यंत्र सुरू करू नका आणि माळीदादांना इअरमफ सोसायटीच्या खर्चाने द्या.