पोरगी म्हणते, पत्रकारिता शिकायची!

बारावीचा निकाल लागला की पारावर आणि एसटीच्या थांब्यावर एकच विषय असतो. कुणी नर्सिंगला, कुणी फार्मसीला. त्यात एखादी मुलगी "मला मास कम्युनिकेशन करायचंय" म्हणते आणि बाप गोंधळतो. "म्हणजे टीव्हीवर बोलायचं ना? त्याला तीन वर्षं कशाला पाहिजेत? आणि पोट भरंल का त्याच्यावर?"

सोसायटीचं कर्ज डोक्यावर असलेल्या माणसाचा हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर सरळच दिले पाहिजे.

हा विषय फक्त शहरातल्या चकचकीत पडद्याचा, असा आपला समज आहे. पण त्याचा एक मोठा प्रयोग आपल्या मराठी गावांतच झाला. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतील १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळे काढली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम. मंडळी एकत्र बसून ऐकत, मग त्यावर चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राला कळवत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची तपासणी केली. ज्या गावांत ऐकून चर्चा झाली, तिथल्या लोकांच्या माहितीत इतर गावांपेक्षा कितीतरी जास्त भर पडली. पुढे हा नमुना देशभर नेण्यात आला.

यातला धडा साधा आहे. नुसते सांगून भागत नाही, ऐकणाऱ्याला बोलते करावे लागते. पीकविम्याची मुदत, रोगाची सूचना, धरणातून सोडलेले पाणी, ही माहिती वेळेवर आणि समजेल अशी पोचली नाही तर नुकसान शेतकऱ्याचेच होते. ती कशी पोचवायची, पोचली की नाही हे कसे तपासायचे, हाच या शिक्षणाचा गाभा. बातमीलेखन, संपादन, रेडिओ, चित्रीकरण, जाहिरात, जनसंपर्क, माध्यमांचे कायदे हे सारे त्यातच आले.

काम कुठे? वर्तमानपत्रे आणि वाहिन्या आहेतच. त्याशिवाय आकाशवाणी, माहिती खाते, कृषी विस्तार, रुग्णालये, सहकारी व स्वयंसेवी संस्था. माण तालुक्यात म्हसवडला २००८ पासून 'माणदेशी तरंग वाहिनी' हा सामुदायिक रेडिओ चालतो. दुष्काळी भागातली माणसे आपल्याच बोलीत त्यावर बोलतात.

आता दुसरी बाजू. तालुक्याच्या अनेक बातमीदारांना ठरलेला पगार नसतो, जाहिरातीच्या टक्केवारीवर भागवावे लागते. शहरातही सुरुवात तुटपुंज्या पगारावर होते. नुसत्या पदवीला कुणी विचारत नाही, हातात केलेले काम लागते. म्हणून प्रवेशाआधी महाविद्यालयात जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात. विद्यार्थ्यांचे स्वतःचे वृत्तपत्र किंवा रेडिओ आहे का? शिकवणाऱ्यांनी प्रत्यक्ष काम केले आहे का? मागच्या वर्षीची मुले आज कुठे आहेत? उत्तर गुळमुळीत मिळाले तर फी भरण्याची घाई नको.

वाटा मात्र अनेक आहेत. पदवीसाठी बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेचा बारावी उत्तीर्ण विद्यार्थी चालतो. आधी शेती, अर्थशास्त्र किंवा मराठीची पदवी घेऊन मग पत्रकारिता करणेही शहाणपणाचे. एका विषयाची खोल जाण असली की लिहिण्याला वजन येते. पुण्याचे रानडे इन्स्टिट्यूट, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ येथे हे शिक्षण मिळते.

गावाकडच्या मुलामुलींना इंग्रजीची धास्ती वाटते. इंग्रजी शिकावेच, पण आपली पुंजी विसरू नये. सातबारा, फेरफार, पंचनामा, आवर्तन हे शब्द ज्यांनी घरात ऐकले, त्यांना शेतकऱ्याचे दुखणे दुसऱ्या कुणाकडून समजून घ्यावे लागत नाही.

शेवटी बापासाठी एक सोपी परीक्षा. पुढच्या ग्रामसभेला मुलीला बसवा. काय ठरले, कुणी हरकत घेतली, पैसा कुठून येणार, हे तिला २०० शब्दांत लिहू द्या आणि आजीला वाचून दाखवायला सांगा. आजीला सगळे उमगले आणि तिने वर दोन प्रश्न विचारले, तर पोरीला या वाटेने जाऊ द्यायला हरकत नाही. नाही उमगले आणि पोरगी पुन्हा लिहायला बसली, तर तीही चांगलीच खूण समजा.