रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल, म्हणून निर्धास्त राहू नका

शौचातून रक्त गेले की आपण म्हणतो, "उष्णता झाली असेल, नाहीतर मूळव्याध." जुन्या नाशकातली घरे असोत की वडाळा गावातली, लाजेपोटी गोष्ट दाबली जाते. कोणी फार तर लॅबमध्ये जाऊन कॅन्सरसाठी रक्त तपासून येतो. रिपोर्ट नॉर्मल आला की सगळे निश्चिंत होतात. धोका इथेच आहे.

या तपासणीत सहसा सीईए हे प्रथिन मोजतात. १९६५ मध्ये कॅनडात फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी ते शोधले. मोठ्या आतड्यातली गाठ लहान असताना बहुतेकांत ते वाढत नाही. उलट विडी-सिगारेटने किंवा यकृताच्या आजाराने कॅन्सर नसतानाही वाढते. म्हणून डॉक्टर ते मुख्यतः ऑपरेशननंतर आजार परततो का, हे पाहण्यासाठी वापरतात. आता अनेक प्रथिने एकत्र मोजण्याचे संशोधन सुरू आहे. २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली 'शील्ड' रक्ततपासणी गाठीचा डीएनए शोधते. तिच्या अभ्यासात शंभरातले ८३ कॅन्सर सापडले. पण कॅन्सरच्या आधीचे मोठे कोंब शंभरात फक्त १३.

आणि खरा फायदा त्या कोंबांतच आहे. कोंबाचा कॅन्सर व्हायला बहुधा दहाएक वर्षे लागतात. कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीच्या तपासणीत, तो दिसतो आणि तिथेच काढता येतो. त्याआधीची सोपी पायरी म्हणजे 'फिट' तपासणी. शौचात डोळ्यांना न दिसणारे रक्त ती हिमोग्लोबिन या प्रथिनावरून ओळखते.

सरकारी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर तपासतात. आतड्याचा त्यात नाही. त्यामुळे आपणच जागे राहायला हवे. शौचातून रक्त, काही आठवडे बदललेली शौचाची सवय, कारण नसताना घटलेले वजन, पुरुषांत किंवा पाळी थांबलेल्या स्त्रियांत कमी झालेले हिमोग्लोबिन, यातले काहीही दिसले तर रक्ताच्या रिपोर्टवर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. अब्बा, अम्मी, भाऊ किंवा बहिणीला हा आजार झाला असेल, तर त्रास नसतानाही चाळिशीत विचारा. अम्मी-आपांना संकोच वाटत असेल तर लेडी डॉक्टरांकडे न्या.

रमजान आहे म्हणूनही थांबू नका. आजाऱ्याला रोजा नंतर पूर्ण करण्याची सवलत दीनने दिली आहे. शरीर ही अल्लाहची अमानत आहे, आणि इलाज करून घेणे ही आपल्या प्यारे नबींची (स.) शिकवण आहे.